आजीचं गाणं आणि कंपनीचा दावा

आमच्या घरात एक नियम आहे, बरं का. मोठ्यांनी सांगितलं की आधी करायचं, मग विचारायचं. परवा अमळनेरला हळदीत अक्कानं, म्हणजे माझ्या आत्यानं, आजीनं रचलेलं गाणं म्हटलं. मी व्हिडिओ टाकला, तर कुठल्याशा कंपनीची तक्रार आली, गाणं आमचं आहे!

नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "काढून टाक. नवा कायदा येतोय म्हणे. तक्रार आली की आधी काढायचं, मग विचारायचं."

मी म्हटलं, "नाना, हा तर तुमचाच नियम! चोरला त्यांनी. ठोका दावा."

अक्का उसळली, "नाना, आपली मायनं गानं शे ते!"

मी फोन नानांपुढे धरला. "मी नाही काढणार. तुमच्या आईचं गाणं आहे, तुम्हीच काढा."

नानांचं बोट काही हललं नाही.