निर्माल्य आणि नवा कंपायलर

मागं मी माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलले होते, "वैशालीचा प्रोग्राम चालू दे, पायऱ्या चढून तुझी ओटी भरीन." वैशाली माझी सून, नांदेडला कॉलेजात शिकवते. पास्कल या संगणकाच्या भाषेत लिहिलेला वेळापत्रकाचा प्रोग्राम तिला दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना दाखवायचा होता, नाहीतर काम दुसऱ्याकडं जाणार. अन् लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणाऱ्या कंपायलरनं एकच धोशा लावलेला: युनिट, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, सापडत नाही.

"आई, फाईल समोर दिसून राहिली, अन् हा नाही म्हणतो!"

मी वाती वळता वळता विचारलं, "काल तर चाललं होतं. मधी काय बदललं?"

"कंपायलर नवा टाकला."

"अन् जुन्यानं बनवून ठेवलेलं?"

"ते तसंच हाय."

"अगं, कालचं निर्माल्य न काढता देवाला नवी फुलं वाहतेस का?"

 मग स्वतः लिहिलेलं तेवढं ठेवून तिनं जुन्या कंपायलरनं बनवलेल्या फायली पुसल्या, सगळं नव्यानं बनवलं. प्रोग्राम चालला!

माहूरच्या पायऱ्या चढताना वैशाली म्हणते, "उपाय तुम्ही सांगितला, मग नवस कशाचा?"

"अन् मला कुणी सुचवलं?"

तुमचंही कुठं अडलं तर नवस जरूर बोला हो. फक्त आधी निर्माल्य काढा.