आन्याला वेळ लागू द्या

सन्माननीय अध्यक्ष मृणालिनीताई, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती शैलजाताई, आणि आपल्या या पावसाळी बॉथेल गावात चक्क ऊन पडलेलं असताना या हॉलमध्ये येऊन बसलेल्या रसिक मित्रहो,

आज मला हुरूप आवरत नाही, तेव्हा सांभाळून घ्या. इथल्या मिडल स्कूलमधून शैलजाताई समुपदेशक म्हणून निवृत्त होताहेत. त्यांचा गौरव आपण ऐकलाच. मी माझ्या नातीबद्दल, आन्याबद्दल बोलणार आहे. तिच्या परवानगीनं, बरं का.

आन्या बोलताना अडखळते. वर्गात नाव सांगायला उठली, की मागून नक्कल व्हायची. पुढे ती डबा बाथरूममध्ये बसून खाऊ लागली. एके सकाळी म्हणाली, "आजोबा, आय ॲम डन. शाळा नको."

शैलजाताईंनी तिला मधल्या सुट्टीत भरणाऱ्या मुलांच्या क्लबात बोलावलं. एकमेकांना आधार देणारा क्लब म्हणे! आमच्या काळी क्लब म्हणजे पत्ते. मी विचारलं, "ताई, क्लबानं टवाळी थांबते होय?"

"नाही थांबत, काका. पण ती ऐकताना शेजारी कुणी असलं, तर फरक पडतो ना?"

पडतो का हो? पाहायला गेलो. मुलं म्हणाली, काहीतरी शिकवा. मला आपली माझी शाळा आठवली. खिडकीबाहेरची चिंच, गुरुजींची टेबलावरची टिचकी, आणि एका सुरात कविता म्हणणारा सगळा वर्ग. म्हटलं, तसं करू. मुलांनी चार इंग्रजी ओळी जुळवल्या, सगळे एकदम म्हणू लागले, आणि मित्रहो, त्यात आन्याचा आवाज होता. सलग, स्वच्छ.

मी हरखलो. शैलजाताई हळूच म्हणाल्या, "सर्वांबरोबर म्हणताना पुष्कळांचं असं होतं, काका. एकटी बोलेल तेव्हा अडखळेलच. तेही ऐकून घेणारं कुणी हवं."

नक्कल करणारे अजून आहेत. परवा बसमध्ये पुन्हा सुरू झालं. तेव्हा क्लबातला देवांग उठून तिच्या शेजारी बसला. "टेक युअर टाइम, यार. घर अजून लांब आहे." तिनं वाक्य पुरं केलं. शाळा सोडायची गोष्ट आता घरात निघत नाही.

शैलजाताई, आपले उपकार कोणत्या शब्दांत मानू? ते काम आन्याच करणार आहे, एकटी. सकाळी मी विचारलं, "मी तुझ्याबरोबर म्हणू का?" तर म्हणाली, "नो, आजोबा. तुम्ही फक्त ऐका."

माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर म्हाताऱ्याला माफ करा. पण एक विनंती. तिला वेळ लागेल, लागू द्या. मधे कुणी शब्द पुरवू नका.

ये, आन्या.