राखणदाराची भाकरी

मुंबईहून आलेले अर्चनाचे सर, तिच्यासोबत लॅबमध्ये काम करणारी पोरं, आपले गुरुजी आणि पाड्यावरची सगळी माणसं, मला बोलायची सवय नाय. गुरुजी म्हणाले, जाऊ म्हणून चार शब्द बोला. चार शब्दांत मावणारी बाई असती, तर मी केव्हाच बोलून खाली बसले असते.

आमची अर्चना कॅन्सरनं गेली. बघा, मी नुसतं नाव घेतलं आणि निम्म्या माना खाली गेल्या. तिथंच तर सगळं अडलं.

माझ्या धाकट्या दिराची, नरेशची बायको. आटगावहून लोकलचा पास काढून रोज मुंबईला जायची. तिथं लॅबमध्ये काम कशाचं, तर कॅन्सरचंच. पोट दिसायला लागलं त्याच सुमाराला तिच्या हाताला छातीत गाठ लागली. कोणी तिला सांगायची गरजच पडली नाय.

आता आपली रीत तुमाला ठाऊक आहे. गरवार बाईपुढं वाईट बोलायचं नाय. मयताची गोष्ट नाय, आजाराचं नाव नाय. घरात सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनी तोंड शिवून घेतलं. गाठ काढली, थोडी आत राहिलीच; ती घरी आली, तरी शेजारी सांगायचं, पडली, लागलं. तिनं स्वतः विषय काढला तर सासूबाई म्हणायच्या, "नको गो बाय, पोटातलं ऐकतं." त्या घरात त्या आजारातलं कळणारी ती एकटी, आणि तिलाच बोलायची चोरी. सगळ्यांनी मायेनं कोंडलं होतं तिला. माया होती म्हणून भांडता पण येईना.

म्हणून मी पेरणीआधी शेतात राब भाजायला निघाले की ती मागं यायची. कामाला हात लावू द्यायची नाय मी. धूर येणार नाय अशा बाजूला, मोहाच्या सावलीत बसवायची. घर लांब, म्हणून तिथं बोलायची.

एकदा विचारलं, "करतेस तरी काय गो त्या लॅबमध्ये?"

म्हणाली, "ताई, शेताला राखणदार ठेवला, डुकरं हाकलायला. आणि त्याची भाकरी कोणी वाटेतच संपवली तर?"

"पडून राहील मेला."

"तसंच. आपल्या अंगात पण राखणदार असतात. त्यांच्या भाकरीतला एक जिन्नस म्हणजे ट्रिप्टोफॅन. डाळीतून, दुधातून, अंड्यातून येतो, अंगात तयार होत नाही. कॅन्सरची गाठ एक एन्झाइम बाळगते, आयडीओ म्हणतात त्याला. ते हा जिन्नस मोडून टाकतं. राखणदार उपाशी. वर मोडल्यावर जे उरतं, त्यानं त्यांना गुंगी येते. मग गाठीला रान मोकळं."

हे मी घरी सासूबाईंना सांगितलं, आजाराचं नाव न घेता. झालं. त्यांना एवढंच कळलं, की सुनेला अंडी-दूध कमी पडतंय. पाड्यावरून अंडी यायला लागली, शेळीचं दूध, उडीद. कोणाकोणाला पुरे म्हणणार? तिला नुसत्या वासानं उमासे यायचे. मला म्हणाली, "ताई, कितीही पाठवा, गाठीच्या दारातच ते मोडणार." तरी आलेल्या प्रत्येकीपुढं एक घास खायची. खाल्ला नसता तर कारण सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, "मग त्या एन्झाइमला अडवायचं औषध नाय?"

"आहे. आमचं काम त्याच्यावरच आहे. पण अजून उंदरांपुरतं."

"मग स्वतःला उंदीर समज आणि घे."

हसली. मग पोटावर हात ठेवला. म्हणाली, "ताई, हे बाळ अर्धं नरेशचं. माझ्या राखणदारांना परकंच की. मग ते याला हाकलत का नाहीत? बाळाच्या वारेत पण हेच एन्झाइम असतं. गाभण उंदरीला ते औषध दिलं की पिल्लं जातात. जे बाळाला राखतंय, तेच गाठीला राखतंय. आता मी त्याला शिव्या देऊ, की त्याच्या पाया पडू?"

सर, याचं उत्तर तुमाला येतं?

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. मी म्हटलं, आता तर अडचण नाय, घे ते औषध. म्हणाली, परदेशात माणसांवर नुकतं कुठं तपासायला घेतलंय, माझ्या वेळेला पोचायचं नाही, आणि पुढच्यांना लागू पडेल का, तेही अजून कोणाला माहीत नाही. डॉक्टरांनी दिलं ते सगळं तिनं घेतलं. नाय पुरलं. आणि घरात परत तेच. ओल्या बाळंतिणीपुढं पण वाईट बोलायचं नाय. ती सुटणार तरी कधी होती?

शेवटी उठवत नव्हतं. तेव्हा म्हणाली, "ताई, रानात चला." मी म्हटलं, "रान कशाला, इथंच बोल." तिनं आधी दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही सगळे गप्प बसलात ना, की लोक आपलं काहीतरी ठरवतील. म्हणतील, पोर पोटात आली आणि आईला खाऊन गेली. माझ्या पोरीला तसं कोणी म्हणू देऊ नका."

तिला माती देऊन आलो त्याच दिवशी एका बाईनं ते म्हटलं. पोरीला पांढऱ्या पायाची म्हणाली. ती इथं बसलीय, नाव घेत नाय. मला तिचा राग आला, अजून आहे. पण तिला तरी कोणी काय सांगितलं होतं?

गुरुजींनी सांगितलंय, शेवटी सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं करा. गुरुजी, माफ करा. गप्प बसून आपण अर्चनाला जिवंतपणी कोंडलं, आता परत गप्प नाय बसायचं.

उभे राहा. पोरगी तिथं सासूबाईंच्या मांडीवर आहे. बारशाला तिच्या कानात नाव सांगितलं होतं, तसं एकेकानं जा आणि तिच्या कानात सांगा, तुझी आई कॅन्सरनं गेली, तुझ्यापायी नाय. तिला आज कळणार नाय. पण तुमी बोललात, हे तुमाला कळेल.

अर्चना, माझा नमस्कार घे गो. आई, पोरीला जरा इकडं करा. आधी मी सांगते.