टपावरचं जातं

(कोपरखैरणे गावातलं घर, दुपार. म्हातारा शिवा उघड्या अंगाने स्टुलावर. मागे त्याची बायको पुतळा, हातात हळदीच्या लेपाची वाटी. समोर मुलगा विपुल, मुठीत गाडीची किल्ली.)

शिवा : सांगतू, पन इस्वास कोनी ठेवनार नाय. तू नाय, तुजी आये तर नायच नाय.

पुतळा : पन्नास वर्सं नाय ठेवला, आज कनाला ठेवू? हात वर करा.

विपुल : बाबा, मला एकच सांगा. गाडी कोण चालवत होतं?

शिवा : मी.

विपुल : तुम्ही.

शिवा : मी म्हंजे मीच. तुजी सोनल मागं झोपलीवती, कानात ती बोंडं घालून. गारी उलटी झाली तवा पोरीला जाग आली. मना विचारते, 'आजा, पंखा खाली कसा?'

विपुल : गाडीत पंखा नाहीये.

शिवा : झोपेतल्या मानसाला काय ठावं!

विपुल : मी शेजारच्या अभयला सांगितलेलं गाडी आणायला.

शिवा : अभयचं पोट बिगडलं. तिकडं उलव्याला तुज्या भाचीची हलद खोळंबली. घरचं जातं पोचल्याशिवाय हलद दळायची नाय, ही आपली रीत. मंग कोन नेनार? मीच बसलू.

विपुल : तुम्हाला साधी स्कूटर येत नाही.

शिवा : चाळीस वर्सं खाडीत होडी हाकली, काठोकाठ रेतीनं भरलेली. लायसन मागनारा एक मासा भेटला नाय. गारीला तर नुसता रस्ता दिसतो तसा जायचा. होडीला तो पन नसतो.

विपुल : मस्करी नको. मी सोनलला काय बोललेलो ते सगळ्या घराला माहितीये. माझ्या गाडीला हात लावून एक चरा जरी आणलास, तर न्हावा शेवा बंदर विसरायचं. सोमवारचं ट्रेनिंग कॅन्सल. घरी बसायचं, स्थळं बघायची. जिला चार चाकं सांभाळत नाहीत, ती पंधरा मजले वर बसून कंटेनर काय उचलणार?

पुतळा : तीनशे पोरांतून तिला घेतली रे त्या क्रेनवर. तीनशे.

विपुल : म्हणून तर विचारतोय, आई. कोण चालवत होतं?

शिवा : मी! किती वेला सांगू? आता फुडचं ऐक. सीवूड्स सोडलं, खाडीच्या अंगाला वलन हाय तिथं आलू, आनि समोर चारशे फ्लेमिंगो. रस्ता ओलांडत होते. शाळेतल्या पोरांसारके, जोडीजोडीनं. फुडचा शिट्टी वाजवत होता.

विपुल : फ्लेमिंगो उडतात, बाबा.

शिवा : रोज उडून त्यांनापन कंटाला येत नसेल? एक दिवस चालले. शेवटचा लंगडा होता. त्याला वाचवायला मी असा सुकानू फिरवला. आता तुजी गारी म्हंजे उंट. त्या उंटाच्या टकुऱ्यावर जातं, दोन मोठे टोप आनि हलकुंडांची गोन. उचलली ना दोन चाकं! अर्धा किलोमीटर दोन चाकांवर गेलू. टोलवाला हात करून बोल्ला, 'जा आजा, दोन चाकांना टोल माफ हाय.'

विपुल : तिथे टोलच नाही.

शिवा : बग, किती माफ केलान!

विपुल : मी तिथूनच येतोय. चहावाल्याने सांगितलं सगळं. आडवं एक कुत्रं आलेलं. पिवळं.

शिवा : पिवलं मंग झालं.

पुतळा : मान खाली घाला. केसांत पावशेर हलद हाय. लेपाला वाटीतली लागनारच नाय.

विपुल : तो म्हणाला, गाडी काही जोरात नव्हती. कुत्रं चुकवायला वळवली, डिव्हायडरला चाक घासलं, आणि गाडी सावकाश, म्हैस बसते तशी कलंडली. एक कोलांटी खाऊन परत चाकांवर उभी.

शिवा : एक? चावाला काय मोजनार! तीन. गारी फिरली उजवीकडं, टपावरचं जातं फिरलं डावीकडं, मधी हलकुंडं. तीन फेऱ्यांत हलद तयार. वस्त्रगाळ! बायकांनी गानी बोलायची तेवढी राह्यली.

पुतळा : आनि टोप?

शिवा : टोप वाजत होते ना. हलदीत वाजवायला बेंजो लागलाच नसता आपल्याला.

विपुल : त्याला विचारलं, ड्रायव्हरच्या दारातून कोण उतरलं? म्हणतो, कोण कुठून उतरलं कळलंच नाही. दोघं पण पिवळी.

शिवा : देवमानूस!

पुतळा : देवमानूस का वो?

शिवा : चा पाजलान. फुकट. बिस्कुट पन दिलान.

विपुल : आणि मग तो टोइंगवाला. शिवतेज की कोण. माझ्याच पोरीच्या वयाचा असेल. सगळ्या लोकांत मला शिकवतो. 'काका, उंच गाडी आहे ही, हिचं वजन आधीच वर. कॅरियरवर पन्नास किलो लिहिलंय, तुम्ही दीडशे चढवलंत. वळणावर झोपणार नाही तर काय करणार? चालवणाऱ्याने ब्रेकवर उभं न राहता स्टिअरिंग सोडलं, म्हणून एका कोलांटीत निभावलं.' लोक माझ्याकडे बघत होते.

शिवा : बगू दे. सोडला म्हंजे मीच सोडला. होडी कलली की सुकानू सोडायचा, ती आपली आपन उभी राहते.

पुतळा : पन सकाली जातं टपावर कोनी बांधलं? मना दिसलं नाय. डोल्यात मोती हाय. म्हनून विचारते.

विपुल : मी बांधलं. आत नवीन लेदरच्या सीट्स आहेत. जात्याची कड लागली असती.

शिवा : सहा महिने झाले, अजून प्लास्टिक काडलं नाय. बसलं की ढुंगन वाजतं.

विपुल : बाबा!

शिवा : मी सकाली बोल्लू तुला, बाला, होडीत वजन तलाला टाकतात. लहान पोराला पन ठावं हाय. सोनल पन बोल्ली, 'पप्पा, वर नको, आत ठेवू.' तू काय बोल्लास?

विपुल : सोडा ना.

शिवा : बोल्लास, 'ही एसयूव्ही हाय. हिला काय होत नाय. डोंगरावर चडते जाहिरातीत.'

पुतळा : जाहिरातीत टपावर जातं होतं?

विपुल : आई, तू पण?

पुतळा : मी लेप लावते. वलून बसा हो. अग्गो बाय! डाव्या खांद्यावर केवढा वल उठलाय!

शिवा : पट्टा तो! नीट बग, डाव्या खांद्यावरून खाली बरगडीपर्यंत, पोरांच्या दप्तरासारका. तो पट्टा नसता तर तुज्या हातात आता वाटी नसती, फोटोला घालायचा हार असता.

विपुल : तुम्ही पट्टा लावलात? तुम्ही तर म्हणता, पट्टा कुत्र्याला.

शिवा : लावतो कोन! पोरगी आडून बसली. बोल्ली, 'आजा, पट्टा लावशील तरच गारी हलवीन.'

विपुल : कोण हलवीन?

शिवा : हलवू देईन. मना हलवू देईन, असं बोल्ली.

विपुल : झोपेत?

शिवा : झोपायच्या आदी.

विपुल : पण पट्टा लागला कसा? मी तिथे क्लिप अडकवलेली. पट्टा नसला की गाडी टिंग-टिंग करत डोकं खाते म्हणून.

शिवा : उपटली तिनं. दोनी बाजूच्या. काच खाली केली आनि भिरकावल्या खाडीत. बोल्ली, 'पप्पांनी गारीला पन खोटं बोलायला शिकवलंय. पट्टा नसताना लावलाय बोलते.'

पुतळा : घरान्याचा गुन हाय. गारीत पन उतरला.

विपुल : असं म्हणाली?

शिवा : असंच. आता हे खोटं नाय हां. बाकीचं सोड, पन हे खरं.

विपुल : बाकीचं सोड म्हणजे?

शिवा : म्हंजे… फ्लेमिंगो तीनशे असतील. चारशे जास्ती बोल्लू.

विपुल : ती कुठाय?

पुतळा : आत. डोकं उशीत घालून पडलीय. कपालाला एवढंसं खरचटलंय, बाकी धड हाय. मना बोल्ली, आजी, पप्पांना गारीचं वाईट वाटेल. मी बोल्ली, गारी पत्र्याची हाय, ठोकतील. तर बोल्ली, सोमवार नाय ना ठोकता येत.

शिवा : आता तिला कनाला बोलनार तू? चालवत होता मी. पोलीस आलं तरी मी सांगेन, कोर्टात सांगेन, वर गेल्यावर यमाला पन सांगेन. तो लंगडा फ्लेमिंगो साक्षीला आनीन. किल्ली माज्या हातात, सुकानू माज्या हातात, चूक माजी. तू मना बोल. मार हवं तर.

विपुल : हात खाली घ्या, बाबा. तो डावा खांदा बघू. इथून सुरू झालाय?

शिवा : बग ना! पुरावा हाय. अंगातली हाडं हालली, पन मी सुकानू सोडला नाय.

पुतळा : मगाशी सोडला बोल्लात.

शिवा : सोडला. मंग परत धरला. तू लेप लाव गो.

विपुल : आई, हळद सगळी इथेच संपवू नकोस.

पुतळा : का रं?

विपुल : ड्रायव्हरचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. उरलेली सोनलला लाव. सोमवारी क्रेनवर चढायचंय तिला.