टकरीचा आकार

माजं माहेर पाली, बिंदुसरेच्या धरणाजवळचं. वडील एसटीत कंडक्टर होते. सासर लिंबागणेश. आता माजलगावात दोन खोल्यांत राहतो, मालक इथं कारखान्यावर फिटर हायत अन् मी कॉलेजात तासावर फिजिक्स शिकविते. तास झाला तर पगार, सुट्ट्या लागल्या की न्हाई. तुमी म्हणताल, पीएचडी झालेली बाई अशी का बोलती. काय सांगू तुमाला, दिवसभर वर्गात नीट बोलून जीभ दमती, घरी आपली भाषाच बरी वाटती.

एमेस्सीनंतर लग्न झालं, मग रेवती झाली, अन् ती रांगत होती तवाच औरंगाबादला विद्यापीठात रिसर्चला नंबर लागला, आता संभाजीनगर म्हणायचं. मालक म्हणले जा, पर पोरीचं कसं. सासूला मी आत्याबाई म्हणते. त्या म्हणल्या, पोरगी राहील माज्यापाशी, म्हशीचं दूध हाय, काय उपाशी मरती का. मग मी एखाद्या रविवारी गावाकडं यायची, अन् निघताना पोरगी झोपलेली असली तर बरं, न्हाईतर लई जड जायचं.

काम काय, तर शिशाच्या अणूचे गाभे लई वेगानं एकमेकांवर आदळतात, लांब तिकडं परदेशात, आमी संगणकावर तसल्या टकरा बनवून बगायच्या. टकरीतनं हजारो कण उडतात. टक्कर जरा कडंनं झाली की मधला भाग बदामासारखा होतो, अन् बदामाच्या टोकांकडनं कमी अन् आखूड, आडव्या बाजूनं कण जास्त जातात, त्याला प्रवाह म्हणायचं. अन् दर टकरीचा आकार निराळा. एकीत कण पिचकारीसारखे दोन उलट्या धारांनी निघतात, दुसरीत चौफेर सांडतात. मला त्या चौफेर, गोल टकरा निराळ्या काढून त्यांच्यातला प्रवाह मोजायचा होता.

तर गोल टकरांत प्रवाह जवळजवळ न्हाईच निघाला. आमचे सर लई खूश झाले, परिषदेत बोलायचं ठरवलं, सगळी तयारी झाली. मलाच आतनं बरं वाटंना. मग मी सगळ्यांत सारखाच प्रवाह भरलेल्या खोट्या टकरा बनवल्या अन् गोल टकरा निवडायच्या त्याच चाळणीतनं काढल्या. तरी बी गोल टकरांत कमीच दिसला. म्हंजी ते निसर्गाचं काहीच नव्हतं, ज्या कणांवरून आकार ठरवायचा त्याच कणांवरून प्रवाह मोजत होतो आमी. गोल गोल भाकरी निवडून बाजूला काढायच्या, अन् मग म्हणायचं, बगा, ह्या समद्या गोलच हायत.

सरांना दाखवलं. ते रागावले न्हाईत. म्हणले, मी परिषदेतलं नाव मागं घेतो, तू परत कर, आकार एका भागातल्या कणांवरून ठरव अन् प्रवाह दुसऱ्या भागातल्या. बोलायला सोपं, पर समदं पयल्यापासून आलं.

त्याच रविवारी गावाकडं गेलते. रेवती दारात खेळत होती, मला बगितलं अन् आत पळाली, आई, ती बाई आली म्हणली. आई म्हणली ते आत्याबाईला. मी उंबऱ्यावरच बसले. आत्याबाईला म्हणलं, बास झालं, आता परत जात न्हाई.

आत्याबाई पीठ मळत होत्या. त्या सातवीच्या परीक्षेला बसलेल्या, दोन पेपर झाले अन् लग्नासाठी उठवून नेलं, हे मला तोवर ठावं नव्हतं. त्यांनी तेवढंच सांगितलं, अन् म्हणल्या, पोरगी कुणाला आई म्हणती ते मी सुदरीन, तू अर्दं टाकून येऊ नको, अर्दं टाकलेलं जलमभर जड राहतं.

गेले मग परत. नव्यानं समदं केलं. गोल टकरांत प्रवाह कमी होता खरा, पर जरासाच. तोवर दुसऱ्या कुणी तसंच काम छापून टाकलं होतं. पीएचडी झाली, मुलाखती झाल्या, कुठं जागा निघाली न्हाई, कुठं निघाली तर आपली न्हाई. रेवती मला आई म्हणायला लागली, पर दुखलं खुपलं की अजून बी आजीलाच हाक मारती.

आता आत्याबाईच्या एका अंगावरनं वारं गेलंय, इथं आमच्यापाशी अंथरुणावरच हायत. सकाळी त्यांचं समदं करून कॉलेजला जाते, दुपारी येऊन पुन्हा करते. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. कंबर धरती. दमलेय मी, लई दमलेय. पर अर्दं टाकलं असं काही मागं न्हाई, तेवढं एक हलकं हाय. देव तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांचे हातपाय चालते ठेवो. जरा थांबा हं, त्यांना कुशीवर वळवायची येळ झाली.