गजूनं जाळं देऊन टाकलं

मी सुमन, धीवराची लेक, काय सांगू तुमाले भाऊ, सावली तालुक्यातल्या आमच्या गावचा तलाव हेच आमचं शेत. बाप जाळं फेके, माय बजारात मासोळ्या विके, अन् माह्या पाठचा भाऊ गजू चालाच्या आधी पोहाले शिकला असं माय सांगे, वाढवूनच सांगे म्हना. लगन झालं तरी मी गावातच राह्यली, मासोळ्याच विकल्या.

मंग ताप धरला तो सोडेचना, हिरड्यातून रगत ये. नागपूरची डाक्टरीनबाई म्हने, रगताचा कॅन्सर हाय. औषधं चढवून चढवून रोग दबला, केस सारे गेले, पन बाई म्हने, हा परत येऊ शकते, सख्ख्या भावाचा बोनमॅरो जुळला तर बसवू, नाई तर कठीन हाय. गजूची तपासनी केली तं पुरा जुळला. मी रडली, तो म्हने, कवा येऊ सांगा.

आता ह्याच्या डोक्यात काय, मले कुठी मालूम? हाडातला मगज काढाचा म्हनजे हाड फोडूनच काढत असतीन, असं त्याले वाटलं, आपन खेकड्याची नांगी फोडतो तसं. कोनाले विचारलंही नाई, एवढा शाना. निंगाच्या आदल्या दिवशी तलावावर गेला, एकदा जाळं फेकलं, अन् बापाच्या हातचं ते जाळं चुलतभावाले देऊन टाकलं. आता माह्यानं फेकनं होनार नाई, तू वापर म्हने. अन् आला नागपूरले, मले बाई बाई करत, हासत.

पाच दिवस त्याले सुया देल्ल्या, मंग दोन्ही हाताले नळ्या लावून मशीनजवळ बसवलं, इकून रगत निंगे, तिकून परत जाये, पायजे तेवढं पिशवीत राहे. दुपारी नर्स म्हने झालं भाऊ, उठा. हा म्हने, अन् हाडं कवा फोडता? सारा वार्ड हासला. डाक्टरीनबाई म्हने, अरे बापा, हाडातलं बीज औषधानं रगतात आनलं आमी, फोडाचं काई नाई. मी तवा बंद खोलीत, त्यानं फोनवर सारं सांगतलं, मी हासली अन् हासता हासता मले रडू फुटलं. हात जातीन समजून आला होता हो माहा भाऊ.

चुलतभावानं मटनाची पार्टी घेतल्याशिवाय जाळं काई वापस केलं नाई.

त्याची पिशवी मले चढली, अठरा दिवस वाट पाह्यली, मंग नवं रगत बनाले लागलं. दोन वर्षं झाले. केस आले, बजारात बसून राह्यली, तपासनीले जानं चालू हाय. माह्या रगताचा ग्रुप पहिले येगळा होता, तोही आता गजूचाच झाला. परवा राखी बांधताना माह्या तोंडातून निंगालं, माहं आयुष्य तुले लागो, अन् मलेच हासू आलं. माहं म्हनाले उरलंच काय, बापा, तुहंच तर जगून राह्यली मी. लंबं होऊ दे, दोघाईले पुरलं पायजे.