आठवा ढिगारा

(उजाड माळ, त्यावर दगडांनी वेढलेली मातीच्या ढिगाऱ्यांसारखी प्राचीन थडगी. वारसा-खात्याची निरीक्षक, निवृत्त मुख्याध्यापिका आणि पोकलेन चालवणारा तिचा धाकटा भाऊ.)

निरीक्षक : आमच्या नोंदीत सातच थडगी आहेत, बाई. इथे आठ दिसतायत.

भाऊ : मोजणाऱ्याचं चुकलं असेल.

निरीक्षक : साठ वर्षं सगळ्यांचंच?

भाऊ : गवत फार माजतं हो इथे.

निरीक्षक : सातांभोवतीचे दगड हातभर रुतलेत. या आठव्याचे नुसते टेकवून ठेवलेत. आणि मातीत हे मिळालं. सिमेंटच्या पोत्याचा तुकडा.

भाऊ : तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं पुढारलेली होती म्हणतात.

मुख्याध्यापिका : गप्प बस रे. मॅडम, आठवा आमचा. कल्पना माझी, माती याची.

निरीक्षक : पण कशाला?

मुख्याध्यापिका : खाणीचा रस्ता या तिसऱ्या थडग्यावरून आखला. खुंट्याही ठोकल्या. तुमच्या खात्याला अकरा पत्रं लिहिली, एकाचं उत्तर नाही.

भाऊ : त्यात सपाटीचं काम मलाच मिळालेलं. ताईनं चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी म्हणाली, पाडायला आणलेलं यंत्र रचायलाही चालतं की. तिसऱ्याला खेटून, नेमका खुंट्यांवर रचला.

निरीक्षक : मग?

भाऊ : रस्तेवाले आले, नकाशा आडवा धरला, उभा धरला. जुळेना; कागदावर सात, माळावर आठ. आता तुमचा दाखला मिळेपर्यंत काम बंद.

निरीक्षक : हा गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?

मुख्याध्यापिका : माझ्या नावावर लिहा. यानं फक्त माझं ऐकलं.

भाऊ : जन्मात पहिल्यांदा. तेही लिहा.

निरीक्षक : बाई, तुमची पत्रं मला मागच्या आठवड्यात सापडली. आधीच्या साहेबांच्या खणात, न फोडलेली. म्हणून तर आले.

मुख्याध्यापिका : वाचलीत?

निरीक्षक : सगळी. सातव्या पत्रात तुम्ही आमच्याच पत्रकातलं शुद्धलेखन तपासून पाठवलंय.

मुख्याध्यापिका : फार चुका होत्या हो.

निरीक्षक : काका, हा ढिगारा तुम्हीच हलवायचा. तसा लेखी आदेश देते.

भाऊ : कधीपर्यंत?

निरीक्षक : सातांभोवती कुंपण झालं की. त्याआधी एक घमेलंही हलता कामा नये.

मुख्याध्यापिका : मॅडम, तिसऱ्यात कोण आहे, कळलंय का कधी?

निरीक्षक : पूर्वी कडेनं थोडं उकरलं होतं. लहान मूल आहे. गळ्यात मणी, उशाशी वाटीएवढं मडकं.

भाऊ : मग यंत्र नको. आठवा मी फावड्यानंच काढीन.